दात किडवणारे जिवाणू आणि अँटिबायोटिक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दाढ ठणकायला लागली की पहिली आठवते ती गोळी. रात्र झालेली असते, दवाखाना बंद असतो, कपाटात मागच्या आजारातल्या चार-सहा अँटिबायोटिक गोळ्या उरलेल्या असतात. त्या घेतल्या की दोन दिवसांत ठणका कमी होतो आणि दाताचा विषय मागे पडतो. दंतवैद्याच्या खुर्चीत अखेर येऊन बसणारे कितीतरी जण असे दोन-तीन कोर्स करून आलेले असतात. तोवर जो दात तासाभराच्या कामात वाचला असता, तो काढावा लागतो. म्हणून दाताची कीड, तिच्यामागचे जिवाणू आणि औषधांना दाद न देण्याची त्यांची ताकद यांविषयी रुग्ण जे विचारतात ते इथे जरा सविस्तर लिहिलं आहे.

दाताला कीड लागते म्हणजे आत खरंच किडा असतो का?

नाही. दात पोखरणारा किडा असतो ही समजूत जगात हजारो वर्षं टिकली. फ्रेंच दंतवैद्य पिएर फोशार यांनी १७२८ मध्ये ती नाकारली, पण तेव्हा खरं कारण त्यांच्याही हाती नव्हतं. गंमत म्हणजे खरे गुन्हेगार त्याआधीच दिसून गेले होते. स्वतः भिंगं घडवून सूक्ष्म जीव पाहणारे डच संशोधक लेव्हेनहूक यांनी १६८३ मध्ये स्वतःच्या दातांवरचा मळ खरवडून भिंगाखाली पाहिला आणि त्यात हलणारे सूक्ष्म जीव असल्याचं लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवलं. त्यांचा किडण्याशी असलेला संबंध मात्र दोनशे वर्षांनी जुळला. बर्लिनमध्ये काम करणारे अमेरिकी दंतवैद्य विलोबी मिलर यांनी १८९०च्या सुमारास दाखवलं की तोंडातले जिवाणू अन्नातल्या साखर-पिठापासून आम्ल बनवतात आणि ते आम्ल दात विरघळवतं. तेच आजही खरं आहे. दात कुणी कुरतडत नाही, तो विरघळतो.

हे जिवाणू नेमके कोणते?

सर्वांत बदनाम नाव स्ट्रेप्टोकॉकस म्यूटन्स. जे. किलियन क्लार्क यांनी १९२४ मध्ये किडलेल्या दातांतून तो वेगळा केला. नेहमीच्या गोल स्ट्रेप्टोकॉकसपेक्षा तो जरा लांबट दिसला, म्हणून हा बदललेला म्हणजे 'म्यूटंट' प्रकार असावा असं त्यांना वाटलं आणि नाव पडलं म्यूटन्स. नंतर चाळीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. १९६०च्या दशकात तो पुन्हा चर्चेत आला आणि २००२ मध्ये त्याचा संपूर्ण जीनोम, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा मजकूर, वाचून झाला: सुमारे २० लाख अक्षरांचा.

पण तो एकटा नसतो. स्ट्रेप्टोकॉकस सोब्रिनस हा त्याचा जवळचा नातेवाईक. खोल खड्ड्यात लॅक्टोबॅसिलस आणि बिफिडोबॅक्टेरियम वाढतात. लहान मुलांच्या किडलेल्या दातांत स्कार्डोव्हिया विग्सिए सापडतो, आणि कॅन्डिडा ही बुरशी म्यूटन्सशी हातमिळवणी करून थर आणखी चिवट करते. २०२३ मध्ये सेलेनोमोनास स्प्युटिजेना हा हिरड्यांच्या रोगाशी जोडला जाणारा जिवाणू म्यूटन्सभोवती मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना उभी करून आम्लाचा मारा वाढवतो, असं दिसून आलं.

म्हणून आज तज्ज्ञ 'एक रोग, एक जंतू' असं म्हणत नाहीत. फिलिप मार्श यांनी १९९०च्या दशकात मांडलेली कल्पना आता बहुतेकांना पटते. तोंडात शेकडो जातींचे जिवाणू असतात आणि बहुतेक निरुपद्रवी असतात. वारंवार साखर मिळाली की वातावरण आम्लधर्मी होतं, त्या वातावरणात आम्ल बनवणारे आणि आम्ल सोसणारे तगतात, बाकीचे मागे हटतात. कीड हा त्या बिघडलेल्या समतोलाचा परिणाम आहे. हे नीट समजलं की अँटिबायोटिक इथे का चालत नाही याचं अर्धं उत्तर मिळालंच.

म्यूटन्समध्ये असं काय आहे जे इतरांत नाही?

तीन गोष्टी. एक, तो साखरेतून चिकट पदार्थ बनवतो. नेहमीच्या साखरेतून म्हणजे सुक्रोजमधून त्याची विकरं ग्लुकान नावाचा डिंकासारखा पदार्थ तयार करतात. तो दाताला घट्ट धरतो आणि पाण्यात विरघळत नाही, त्यामुळे चूळ भरून जात नाही. दोन, तो उरलेल्या साखरेचं झपाट्याने लॅक्टिक आम्ल करतो. तीन, स्वतः बनवलेल्या आम्लात तो मरत नाही, कारण पेशीत शिरलेलं आम्ल सतत बाहेर फेकणारा पंप त्याच्याकडे असतो.

गोड खाल्ल्यावर काय होतं हे रॉबर्ट स्टीफन यांनी १९४०च्या दशकात मोजलं. काही मिनिटांतच दातावरच्या थराचा पीएच (आम्लतेचं माप; आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) घसरतो आणि पूर्ववत व्हायला अर्धा ते एक तास लागतो. साधारण ५.५च्या खाली गेला की दाताचं वरचं कवच, म्हणजे इनॅमल, विरघळू लागतं. त्याखालचं डेंटीन त्याहून नाजूक, ते ६च्या वरच विरघळायला सुरुवात होते. मग लाळ आम्ल धुऊन टाकते आणि कॅल्शियम-फॉस्फेट परत भरते. दिवसभर थोडं थोडं गोड तोंडात जात राहिलं तर लाळेला ही सवड मिळत नाही.

दात किडणं संसर्गजन्य आहे का?

जिवाणू एकाकडून दुसऱ्याकडे जातात, एवढ्यापुरतं हो. बाळाच्या तोंडात म्यूटन्स बहुधा आईच्या किंवा त्याला सांभाळणाऱ्या माणसाच्या लाळेतून येतो. पण जिवाणू आला म्हणजे दात किडलाच असं नाही. त्याला साखर आणि वेळ मिळावा लागतो.

हे सिद्ध कसं झालं ती गोष्ट आपल्या विषयाशी थेट जोडलेली आहे, म्हणून थोडी लांबण लावतो. १९५४ मध्ये ऑर्लंड आणि सहकाऱ्यांनी जन्मापासून जंतुविरहित वाढवलेल्या उंदरांना भरपूर साखर दिली. एकाचाही दात किडला नाही. पुढे १९६० मध्ये पॉल कीज आणि रॉबर्ट फिट्झगेराल्ड यांनी हॅमस्टरवर प्रयोग केले. ज्यांचे दात सहसा किडत नाहीत अशा हॅमस्टरच्या तोंडात त्यांनी किडलेल्या दातातले स्ट्रेप्टोकॉकस सोडले आणि दात किडले. पण किडवणारे जिवाणू बाहेरून सोडलेलेच आहेत, आधीचे नाहीत, हे ओळखायचं कसं? त्यांनी सोडलेले जिवाणू स्ट्रेप्टोमायसिन या अँटिबायोटिकला दाद न देणारे होते. नंतर खड्ड्यातून काढलेले जिवाणू स्ट्रेप्टोमायसिनमध्येही वाढले, म्हणजे ते तेच. दातांच्या किडीचा सर्वांत महत्त्वाचा पुरावा औषधप्रतिरोधाच्याच खुणेवर उभा आहे.

जिवाणूंमुळेच दात किडतो, तर जिवाणू मारणाऱ्या औषधाने तो बरा का होत नाही?

हा सगळ्यांत रास्त प्रश्न, आणि त्याचं उत्तर दाताच्या रचनेत आहे.

अँटिबायोटिकची गोळी पोटातून रक्तात जाते आणि रक्त जिथे जातं तिथेच ती पोचते. इनॅमलमध्ये रक्तवाहिन्या नसतात. डेंटीनमध्येही नसतात. किडीचा खड्डा दाताच्या बाहेरच्या बाजूला, लाळेत भिजलेला. पेनिसिलिन गटातली औषधं लाळेत फार कमी उतरतात. म्हणजे औषध शरीरभर फिरतं, आतड्यात जातं, कातडीत जातं, आणि ज्या खड्ड्यासाठी घेतलं तिथे जेमतेम पोचतं.

कीड आत शिरून दाताच्या मध्यभागी असलेल्या मऊ भागापर्यंत गेली, ज्याला आपण नस म्हणतो, तर? तिथे रक्त असतं. पण सुजेने तो भाग आपल्याच कडक पेटीत चेपला जातो आणि मरतो. मेलेल्या भागात रक्त येत नाही. तिथे जिवाणू आरामात वाढतात आणि औषधाला आत जायला वाटच नसते. रूट कॅनालमध्ये डॉक्टर तो कुजलेला भाग हाताने काढून, धुऊन, बंद करतात. ते काम कुठलीही गोळी करू शकत नाही.

शिवाय समजा सगळे जिवाणू मेले, तरी खड्डा खड्डाच राहतो. विरघळून पडलेलं डेंटीन औषधाने परत येत नाही. त्या खड्ड्यात दुसऱ्या दिवशी अन्न अडकतं आणि गालावरून, जिभेवरून, लाळेतून नवे जिवाणू येऊन बसतात.

बायोफिल्म म्हणजे काय आणि तिचा औषधांशी काय संबंध?

सकाळी उठल्यावर दातांवरून जीभ फिरवली की जो बुळबुळीत थर लागतो तोच. एक ग्रॅम थरात साधारण १०० अब्ज जिवाणू मावतात. ते सुटे नसतात, आपणच बनवलेल्या चिकट गाऱ्यात एकमेकांना धरून राहतात. बशीत सुटे वाढवलेले जिवाणू ज्या मात्रेत मरतात, त्याच्या दहापट ते हजारपट मात्रा अशा थरातले जिवाणू सोसू शकतात.

का सोसतात? चिकट गारा औषधाला अडवतो, हे एक. पण त्याहून महत्त्वाचं असं की थराच्या तळाशी अन्न आणि प्राणवायू कमी असल्यामुळे जिवाणू मंद जगतात, जवळजवळ वाढतच नाहीत. पेनिसिलिन जिवाणूची भिंत बांधली जात असताना घाव घालतं. जो भिंत बांधतच नाही त्याचं ते काय बिघडवणार? काही पेशी तर पूर्ण सुस्त पडून राहतात आणि औषध ओसरलं की पुन्हा जाग्या होतात.

इथे एक फरक करायला हवा, कारण बोलताना तो नेहमी पुसला जातो. थरात लपल्यामुळे वाचणं वेगळं आणि जनुकात बदल होऊन औषध निष्प्रभ करणं वेगळं. पहिल्या प्रकारातला जिवाणू थरातून बाहेर काढला तर त्याच औषधाने मरतो. दुसऱ्या प्रकारातला कुठेही मरत नाही, आणि ही ताकद तो पुढच्या पिढीला आणि शेजाऱ्यालाही देऊ शकतो. म्हणून थरावर खरा इलाज ब्रश आणि दातांच्या फटींतून फिरवायचा दोरा (फ्लॉस). घासून मोडलेला थर पुन्हा पक्व व्हायला वेळ लागतो.

म्यूटन्स पेनिसिलिनला दाद देतो का?

सर्वसाधारणपणे हो. प्रयोगशाळेत सुटा वाढवला तर पेनिसिलिन, अमॉक्सिसिलिन यांनी तो बहुधा मरतो. दातांच्या किडीवर औषध चालत नाही ते म्यूटन्स 'सुपरबग' झाल्यामुळे नव्हे, हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितो, कारण भीती घालून पटवलेली गोष्ट फार दिवस टिकत नाही.

एका औषधाला मात्र तो मुळातच जुमानत नाही: बॅसिट्रॅसिन. जिवाणूची भिंत बांधायला लागणारा माल वाहून नेणारा एक रेणू असतो, बॅसिट्रॅसिन त्याला अडकवून ठेवतं. म्यूटन्सकडे त्यापासून बचाव करणारा जनुकांचा खास संच आहे. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ याचाच उपयोग करून घेतात. लाळेत म्यूटन्स किती आहे हे मोजायचं असेल तर भरपूर साखर आणि बॅसिट्रॅसिन घातलेल्या माध्यमावर लाळ पसरतात. बाकीचे बहुतेक स्ट्रेप्टोकॉकस दबतात, म्यूटन्स वाढतो.

आणि मेट्रोनिडाझोल, जे दाढदुखीत सर्रास घेतलं जातं? ते फक्त प्राणवायूविना जगणाऱ्या जिवाणूंवर चालतं. म्यूटन्सवर त्याचा काहीही परिणाम होत नाही.

मग प्रतिरोधाची एवढी काळजी कशाला?

कारण गोळी घेतल्यावर तिचा मार एकट्या म्यूटन्सवर बसत नाही. तोंडात त्याच्या शेजारी स्ट्रेप्टोकॉकस मायटिस, ओरॅलिस असे अनेक सौम्य जिवाणू राहतात. ते दात किडवत नाहीत, आजारही क्वचितच करतात. पण दर वेळी औषध आलं की त्यांच्यातले औषध सोसणारे मागे उरतात आणि वाढतात. टेट्रासायक्लिनपासून बचाव करणारं टेट-एम आणि एरिथ्रोमायसिन-अझिथ्रोमायसिन गटापासून बचाव करणारं एर्म-बी ही जनुकं तोंडातल्या स्ट्रेप्टोकॉकसमध्ये वारंवार सापडतात. ती बहुधा एका जिवाणूतून दुसऱ्यात उडी मारणाऱ्या जनुक-तुकड्यांवर बसलेली असतात.

आता पुढचा भाग. घशात-नाकात न्यूमोकॉकस राहतो. न्यूमोनिया, मेंदूज्वर, कानाचा संसर्ग करणारा हा जिवाणू मायटिसचा जवळचा नातेवाईक. पेनिसिलिनला नीट दाद न देणारा न्यूमोकॉकस १९६७ मध्ये ऑस्ट्रेलियात आढळला, पुढे असे प्रकार जगभर पसरले. त्याची जनुकं तपासली तेव्हा ती गोधडीसारखी निघाली: काही तुकडे त्याचे स्वतःचे, काही मायटिस-ओरॅलिसकडून उचललेले. पेनिसिलिन ज्या प्रथिनाला चिकटतं त्याचा आकारच त्या उसन्या तुकड्यांनी बदलला होता.

म्हणजे तोंडातले निरुपद्रवी जिवाणू प्रतिरोधाचं कोठार असतात आणि त्याची किल्ली जीवघेण्या जिवाणूंकडेही असते. हा व्यवहार होतो तोही दाट थरात. स्ट्रेप्टोकॉकस मेलेल्या शेजाऱ्याचा डीएनए आत ओढून घेऊ शकतात. २००१ च्या एका अभ्यासात म्यूटन्स सुटा असताना जितका डीएनए स्वीकारतो त्याच्या १० ते ६०० पट जास्त थरात स्वीकारतो असं दिसलं. दाढेसाठी घेतलेल्या अनावश्यक गोळीची किंमत अशी दाढेबाहेर मोजली जाते. औषधांना न जुमानणाऱ्या जिवाणूंमुळे २०१९ या एका वर्षात जगभर सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू ओढवल्याचा अंदाज आहे.

प्रतिरोध माणसाने औषधं शोधल्यावरच सुरू झाला ना?

नाही. जर्मनीत डालहाइम इथल्या मध्ययुगीन मठाच्या जागेत सापडलेल्या सांगाड्यांच्या दातांवरचं किटण २०१४ मध्ये तपासलं गेलं. ते साधारण हजार वर्षांपूर्वीचं. तेव्हा पेनिसिलिन कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तरी त्या किटणातल्या जिवाणूंत औषधप्रतिरोधाशी नातं सांगणारी जनुकं होती. बुरशी आणि जिवाणू एकमेकांविरुद्ध रसायनं पूर्वापार वापरत आले आहेत, त्यामुळे बचावाची हत्यारंही जुनीच. आपण नवं केलं ते इतकंच की ज्यांच्याकडे ही हत्यारं आहेत त्यांनाच जगू देणारी परिस्थिती दिवसागणिक, घरोघरी निर्माण केली. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ मध्ये नोबेल स्वीकारताना याचाच इशारा दिला होता: अपुऱ्या मात्रेत पेनिसिलिन घेणारा जिवाणूंना ते सोसायला शिकवेल.

पेनिसिलिनने दात किडणं थांबवायचा प्रयत्न कधी झाला होता का?

झाला होता, आणि काही अंशी यशही आलं होतं. १९४६ मध्ये पेनिसिलिन दिलेल्या उंदरांत दातांची कीड कमी झाल्याचं प्रसिद्ध झालं. त्यानंतर पेनिसिलिन घातलेलं दंतमंजन शाळकरी मुलांवर वापरून पाहिलं गेलं. संधिवाताच्या तापासाठी वर्षानुवर्षं पेनिसिलिन घेणाऱ्या मुलांचे दातही तुलनेने कमी किडलेले आढळले.

मग हा मार्ग सोडला का? कारण औषध थांबलं की जिवाणू परततात, म्हणजे ते जन्मभर घ्यावं लागेल. इतकी वर्षं रोज थोडं थोडं पेनिसिलिन तोंडात फिरवणं म्हणजे प्रतिरोधाची शाळाच उघडणं. काहींना त्याची गंभीर ॲलर्जीही होते. ज्या रोगात साखर कमी करून आणि फ्लोराइडने काम भागतं त्यासाठी न्यूमोनियावरचं औषध खर्ची घालायचं नाही, हा निर्णय तेव्हा योग्य होता आणि आजही योग्य आहे.

गोळ्या घेतल्यावर माझा ठणका खरंच थांबला. मग औषध लागू पडलं असंच ना?

ठणका थांबायची तीन कारणं असू शकतात. सोबत घेतलेली वेदनाशामक गोळी, हे नेहमीचं. दुसरं, मुळाच्या टोकाशी हाडात पसरलेला संसर्ग औषधाने तात्पुरता मागे हटला. तिसरं कारण फसवं आहे: नस मेली. मेलेली नस दुखत नाही. आतलं कुजणं मात्र चालूच असतं आणि काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, तेच दुखणं पू आणि सूज घेऊन परत येतं.

अमेरिकन डेंटल असोसिएशनच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचना याबाबत स्पष्ट आहेत. अन्यथा निरोगी असलेल्या प्रौढ माणसाला दाताच्या नसेच्या दुखण्यासाठी, दाताचा इलाज लगेच होऊ शकत असेल तर अँटिबायोटिक देऊ नये. दात भरणं, नसेचा इलाज, पू काढणं किंवा दात काढणं हाच उपचार. तोवर ठणक्यासाठी डॉक्टरांना विचारून आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल.

अँटिबायोटिक खरंच केव्हा लागतं?

संसर्ग दाताच्या बाहेर पडून शरीरात पसरू लागतो तेव्हा. ताप येणं, अंग मोडून येणं, गालावरची किंवा जबड्याखालची सूज वाढत जाणं, ही त्याची लक्षणं. तेव्हा औषध द्यायलाच हवं, पण दाताच्या उपचाराच्या जोडीला, त्याच्या जागी नव्हे.

सूज डोळ्यापर्यंत किंवा मानेत उतरली, तोंड उघडेना, थुंकी गिळता येईना, जीभ वर उचलल्यासारखी वाटू लागली किंवा श्वास लागला, तर सकाळ होण्याची वाट पाहू नका. थेट रुग्णालयाच्या आपत्कालीन विभागात जा. जिभेखाली आणि मानेत पसरणाऱ्या या संसर्गाचं वर्णन जर्मन डॉक्टर लुडविग यांनी १८३६ मध्ये केलं होतं. सुजेने श्वासमार्ग बंद होऊन माणूस दगावू शकतो. अशा वेळी शिरेतून दिलेलं अँटिबायोटिक जीव वाचवतं. ते औषध त्या रात्री लागू पडावं म्हणूनच ते साध्या ठणक्यावर वापरायचं नसतं.

डॉक्टर दोन वेगवेगळी अँटिबायोटिक एकदम का देतात?

मुळाशी झालेल्या गळवात प्राणवायूवर जगणारे आणि त्याविना जगणारे असे दोन्ही जिवाणू असतात. दुसऱ्या गटातले प्रिव्होटेलासारखे काही जिवाणू पेनिसिलिन तोडणारं विकर बनवतात. म्हणून गंभीर संसर्गात अमॉक्सिसिलिनला मेट्रोनिडाझोलची जोड दिली जाते. प्रत्येक दाढदुखीला ही जोडी लागत नाही.

हृदयाची झडप बदललेली आहे. दात काढण्याआधी गोळी घ्यायला सांगितली. ती तरी योग्य का?

हो, ती नक्की घ्या. दात काढताना तोंडातले स्ट्रेप्टोकॉकस थोडा वेळ रक्तात जातात. निरोगी हृदयाला त्याचं काही होत नाही. कृत्रिम झडप, पूर्वी झालेला झडपांचा संसर्ग किंवा काही जन्मजात हृदयदोष असतील तर हे जिवाणू तिथे घर करू शकतात, आणि मग आठवडेच्या आठवडे शिरेतून औषध द्यावं लागतं. त्यासाठी उपचाराच्या अर्धा ते एक तास आधी एकच मात्रा दिली जाते. पेनिसिलिनची ॲलर्जी असेल तर तसं आधीच सांगा, पर्याय आहेत. मात्र पूर्वी पर्याय म्हणून दिलं जाणारं क्लिंडामायसिन अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२१ मध्ये यादीतून काढलं, कारण त्यामुळे आतड्याचे गंभीर त्रास होतात.

मी वर्षात एखादाच कोर्स घेतो. एवढ्याने काय होतं?

तोंडापुरतं बोलायचं तर लाळेतले जिवाणू बरेच लवकर पूर्ववत होतात. आतड्याचं तसं नाही. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात निरोगी माणसांना एकच कोर्स दिला होता. क्लिंडामायसिनचा आतड्यातल्या जिवाणूंवरचा परिणाम काही महिने टिकला, सिप्रोफ्लॉक्सासिनचा तर वर्षभरापर्यंत. दाताचा खड्डा तसाच आणि पोटातली घडी विस्कटलेली, असा हा सौदा आहे.

माउथवॉश, फ्लोराइड यांनाही जिवाणू सरावतात का?

क्लोरहेक्सिडिन या माउथवॉशमधल्या जंतुनाशकाला काही जिवाणू थोडेफार सरावतात असं प्रयोगशाळेत दिसलं आहे. त्याने दातांवर डाग पडतात, चव बिघडते. ते डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरतंच वापरा. झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा गोड पदार्थ म्यूटन्सला पचवता येत नाही, पण दीर्घकाळ वापरल्यावर त्याला न जुमानणारे प्रकार वाढतात.

फ्लोराइडची गोष्ट निराळी. ते जिवाणूंच्या आम्लनिर्मितीत थोडा अडथळा आणतं, आणि प्रयोगशाळेत फ्लोराइड सोसणारे म्यूटन्स तयारही करता आले आहेत. पण फ्लोराइडचं मुख्य काम जिवाणूवर नाहीच, दातावर आहे. ते विरघळलेल्या जागी खनिज परत बसवतं, आणि ते नवं खनिज पीएच ४.५च्या आसपास येईपर्यंत टिकतं. जिवाणूंच्या सरावाने या रसायनात काही बदलत नाही. फ्लोराइडवर माझा इतका भरवसा आहे तो यासाठीच.

मुलाला वारंवार अँटिबायोटिक सिरप द्यावं लागतं. त्याने दात किडतात का?

बऱ्याच सिरपमध्ये साखर असते. रात्री दिल्यास ती झोपेत दातांवर राहते, आणि झोपेत लाळही कमी सुटते. औषधानंतर दात पुसून घ्या किंवा पाणी पाजा, आणि बिनसाखरेचं मिळतं का ते विचारा. टेट्रासायक्लिन मात्र आठ वर्षांखालील मुलांना सहसा देत नाहीत, कारण घडत असलेल्या दातांवर कायमचे डाग पडतात.

गोळ्या नाहीत, तर कीड थांबवायची कशाने?

खड्डा पडायच्या आधी दातावर खडूसारखा पांढरा डाग दिसतो. या टप्प्यावर कीड मागे फिरवता येते. दिवसातून दोनदा १००० ते १५०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) फ्लोराइडची पेस्ट, घासल्यावर फक्त थुंकणं आणि लगेच पाण्याने खळखळून चूळ न भरणं, आणि गोड खाण्याच्या वेळा कमी करणं. गोडाच्या प्रमाणाइतकंच ते दिवसात किती वेळा खाता याला महत्त्व आहे.

खड्डा पडला असेल तर भरून घ्या. लहान मुलं किंवा ड्रिल सोसवत नाही अशी वयस्कर माणसं असतील तर सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडचा थेंब खड्ड्यात लावून कीड थोपवता येते. चांदी जिवाणू मारते, फ्लोराइड दात टणक करतं, फक्त ती जागा काळी पडते, हे आधी माहीत असू द्या. फ्लोराइड टूथपेस्ट आणि हे औषध, दोन्ही जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. जगात सुमारे दोन अब्ज लोकांचे कायमचे दात किडलेले आहेत, त्यामुळे ही नोंद लहान नाही.

बरं वाटलं तरी कोर्स पूर्ण करायचाच का?

स्वतःच्या मनाने थांबवू नका आणि स्वतःच्या मनाने लांबवूही नका. दाताच्या संसर्गात मूळ कारण काढून टाकलं असेल तर थोड्या दिवसांचं औषध पुरतं. तीन दिवसांनी डॉक्टरांना दाखवा किंवा फोन करा. लक्षणं पूर्ण गेली असतील तर थांबवायचं की नाही ते तपासून ठरवतील.

घरात उरलेल्या गोळ्यांचं काय करू?

पुढच्या दाढदुखीसाठी ठेवू नका, दुसऱ्या कुणाला देऊ नका, संडासात किंवा मोरीत टाकू नका. पाण्यात विरघळलेलं अँटिबायोटिक तिथल्या जिवाणूंनाही तेच शिकवतं. औषधाच्या दुकानात किंवा रुग्णालयात जुनी औषधं परत घेत असतील तर तिथे द्या. दात दुखत असेल तर त्याच फेरीत दंतवैद्याची वेळ घेऊन या.